ट्रेकच्या आणि अडीअडचणीच्या सामानाची निगा तुम्ही कशी राखता?

गुंजवणीकाठ

मागच्या शनिवारी आम्ही सहा जण राजगडावर होतो. गुंजवण्याच्या वाटेने चोर दरवाजातून वर, दुपार पद्मावती माचीवर आणि चारच्या सुमारास उतरायला सुरुवात, असा साधा बेत. दरवाजाखालच्या उतारावर वळवाच्या सरीने माती निसरडी झालेली, तिथेच आमच्यातल्या एका मैत्रिणीचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला.

मी म्हटलं, काळजी नको, माझ्याकडे सगळं आहे. आणि खरंच सगळं होतं. क्रेप बँडेज काढलं, ताणलं, तर ते ताणलेलंच राहिलं, परत आवळेना. चिकटपट्टीचा डिंक मेलेला, ती कागदासारखी सुटून हातात आली. अंधार पडायला लागला म्हणून टॉर्च काढला तर झाकण फिरेना. नाण्याने जोर लावून उघडलं तेव्हा आत सेलभोवती निळसर पांढरी भुकटी आणि हिरवी पडलेली स्प्रिंग. दुसऱ्याचा चार्जिंगचा टॉर्च दिवाळीनंतर चार्जच केलेला नव्हता. शेवटी ओढणीने पाय बांधला आणि दोन मोबाइलच्या उजेडात खाली आलो. दीड तासाच्या उताराला सव्वाचार तास लागले. पायथ्याला तिचे आईबाबा उभे होते, त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

सामान विकत घेताना मी महिनाभर चौकशी करते, चार दुकानं फिरते. घेतल्यावर मात्र ते सॅकमध्ये जातं आणि सॅक माळ्यावर. घरातल्या पुराच्या-भूकंपाच्या वेळच्या पिशवीचंही तेच. तुम्ही हे सामान कधी तपासता, कसं ठेवता, कधी टाकून देता? हातचं काही न राखता लिहा. पावसाळा तोंडावर आहे.

रानपाखरू

मैत्रीण बरी आहे ना आता? आधी ते सांगा.

गुंजवणीकाठ

हो, हाड मोडलेलं नाही. तीन आठवडे विश्रांती सांगितलीय. हा धागा काढ असं तिनेच सांगितलं.

सुईदोरा

टॉर्च फेकला नसेल तर वाचेल. तुमचे सेल अल्कलाइन असतील तर त्यातून गळतं ते क्षार. त्यावर उतारा आंबट. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यायचा आणि स्प्रिंग, पत्रा हळूहळू पुसायचा. जरा फसफसतं. मग साध्या पाण्याच्या ओल्या काडीने पुसून एक दिवस उघडा वाळवायचा. गंज असेल तर बारीक सँडपेपर. हातात मोजे घाला आणि ती पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणि यापुढे ट्रेकहून आल्याआल्या सेल बाहेर काढून ठेवायचे. मी चार सेल कागदात गुंडाळून, रबर लावून टॉर्चलाच बांधते. नवे-जुने, वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र कधीच घालायचे नाहीत, जुना सेल आधी गळतो आणि सगळ्यांना घेऊन जातो.

सह्यवेडा

एवढं कशाला? हल्ली मोबाइलला चांगला टॉर्च असतो, सोबत पॉवर बँक ठेवायची. वेगळा टॉर्च म्हणजे नुसतं वजन.

दोरखंड

सह्यवेडा, याला मी कडाडून विरोध करतो. गेली अकरा वर्षं आमच्या भागात कुणी डोंगरात अडकलं की जाणाऱ्यांत मी असतो. रात्री शोधायला निघाल्यावर आम्हाला अडकलेल्या माणसाशी बोलायचं असतं, आणि फोन बंद. का? तर तीन तास टॉर्च म्हणून वापरला. मोबाइल ही तुमची हाक आहे. तिने उजेड पाडायचा नाही. शिवाय निसरड्या वाटेवर एका हातात फोन धरला की आधाराला एकच हात उरतो. डोक्याला लावायचा टॉर्च माणशी एक, हा आमच्याकडे नियम आहे.

राजगडाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही सहाही जण एकत्र राहिलात आणि घाई केली नाहीत, हे फार चांगलं केलंत. अशा वेळी ‘मी पुढे जाऊन मदत आणतो’ म्हणत अंधारात एकटा निघालेला माणूसच पुढे सापडत नाही.

सह्यवेडा

दोरखंड, पटलं. माझं विधान मागे घेतो.

कातळ

बुटांबद्दल लिहितो, कारण त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझे भारी बूट कपाटात खोक्यात जपून ठेवले होते, चार वर्षांत दहा वेळा घातले असतील. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना मधल्या टप्प्यात उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला, तासाभरात डाव्याचा. खालचा फेस भिजलेल्या बिस्किटासारखा बोटाने भुगा होत होता. मोज्यांवरून सोल नायलॉनच्या नाडीने बांधून कोकणकडा गाठला.

नंतर कळलं ते असं की बऱ्याच बुटांत सोलच्या वरचा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, बूट वापरा की न वापरा. आपल्या दमट हवेत, बंद खोक्यात तर जास्तच. बाहेरून बूट नवा कोरा दिसतो.

तेव्हापासून मोठ्या ट्रेकच्या पंधरा दिवस आधी बूट घालून टेकडीवर दोन-तीन तास चालतो. घरी अंगठ्याने कडेचा फेस दाबून बघायचा, बूट दोन्ही हातांनी वाकवून सोलच्या सांध्यात बारीक चिरा दिसतात का ते बघायचं. चिकटपट्टी, म्हणजे ती रुपेरी कापडी डक्ट टेप, पाण्याच्या बाटलीवर पाच-सहा वेढे गुंडाळून ठेवतो.

बावधनकर

आम्ही पहिल्यापासून ॲक्शन ट्रेकिंगचे बूट घालणारे. घेतल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे नेऊन सोल कडेने सगळा शिवून घ्यायचा. दगडावर पकड उत्तम, सोल सुटत नाही, सुटला तर खिशाला फार झळ नाही.

कातळ

बावधनकर, रबराच्या सोलला शिलाई उत्तम. पण ज्याचा फेसच भुगा झालाय त्याला दोरा धरणार कुठे? तसला बूट शिवून पैसे घालवू नका.

औषधवाली

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे प्रथमोपचाराच्या पिशवीवर हक्काने बोलते.

लोक चार गोळ्या मागतात, आम्ही पट्टी कापून देतो. तारीख पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते आणि ती राहते आमच्याकडे. दोन वर्षांनी तुमच्या पिशवीत अशा बिनतारखेच्या, बिननावाच्या तुकड्यांचा ढीग होतो. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत कुठली पॅरासिटामॉल आणि कुठली ॲलर्जीची, हे कसं ओळखणार? पिशवीसाठी घेताना पूर्ण पट्टी घ्या. सगळ्यांत आधी संपणारी तारीख पिशवीच्या बाहेर चिकटपट्टी लावून मार्करने लिहा, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघायलाही लागत नाही.

औषधांची पिशवी गाडीच्या डिकीत कायम ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत गोळ्या, मलम, पट्ट्यांचा डिंक सगळ्याची वाट लागते. क्रेप बँडेज गुंडाळताना ताणून गुंडाळायचं नाही, त्याने लवचीकपणा जातो. वापरलं की साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर लटकवलं तर स्वतःच्या ओल्या वजनानेच ताणलं जातं. रबरी हातमोजे दोन-तीन वर्षांत एकमेकांना चिकटून फाटतात, ते मोजायला विसरू नका.

ओआरएसच्या पुडीत खडा झाला असेल तर ओलावा शिरलाय, टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालायचं नाही, मोजूनच.

कातळ

औषधवाली, सर्पदंशाचं एक राहिलं. आमच्याकडे १९८०च्या दशकात क्लबने दिलेली छोटी डबी आहे, त्यात ब्लेड, आवळपट्टी, पोटॅशियम परमँगनेट. तिची निगा कशी राखायची?

औषधवाली

कातळकाका, ती डबी आजच रिकामी करा. जखम कापणं, रक्त चोखणं, घट्ट आवळणं, काही भरणं, यातलं काहीही करायचं नाही. आवळल्याने पाय गमावण्याची वेळ येते, कापल्याने रक्त थांबत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर आपल्याकडे प्रतिविष एकच, आणि ते फक्त दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माणसाला धीर द्यायचा, अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढायचं, पाय काठीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवायचा, चालवायचं नाही, उचलून न्यायचं. निघण्यापूर्वी जवळचं प्रतिविष असलेलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा. तो कागद त्या डबीत ठेवलात तर डबी सार्थकी लागेल.

कातळ

ऐकलं. ब्लेड कागदात गुंडाळून टाकलं. डबी मात्र ठेवतो, मित्राची आठवण आहे. कागद लिहून आत ठेवतोय.

पंचगंगा_४३

आमच्याकडं डोंगराचं नाही, पाण्याचं बघावं लागतंय. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पाणी होतं. पाच दिवस वरच्या मजल्यावर अकरा माणसं, दोन शेरडं आणि एक म्हातारं कुत्रं. वीज नाही, फोन नाही.

तेव्हा कळलं काय चालतंय नि काय नाही. पॉवर बँक दोन होत्या, एक फुगलेली. मेणबत्त्या होत्या, काडेपेटी भिजलेली. गॅस होता पण लायटर बिघडलेला. प्यायचं पाणी संपलं तेव्हा घराला चोहीकडनं पाणीच पाणी, आणि तोंडात घालायला थेंब नाही. क्लोरिनच्या गोळ्या सापडल्या त्या २०११ च्या.

आता आमच्या घरात वीस-वीस लिटरचे चार कॅन मृग निघायच्या आधी घासून, भरून, झाकण घट्ट लावून वरच्या मजल्यावर. दर रविवारी एक कॅन झाडांना ओतायचा आणि नव्यानं भरायचा, म्हणजे पाणी शिळं होत नाही आणि पोरांनाही सवय लागती. काडेपेट्या बरणीत, तांदळाची पुरचुंडी टाकून.

रानपाखरू

नावातला ४३ म्हणजे काय हो? जन्मसाल?

पंचगंगा_४३

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी! ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडं पावसाळ्यात एकमेकांना भेटलं की जेवलास का विचारत नाहीत, किती फूट झालं विचारतात. २०१९ ला ५५ च्या वर गेली होती.

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीत आयर्विन पुलावर तेच, ४० आणि ४५. पण मला वेगळं सांगायचंय. पुराच्या वेळी नाव येते, लोक चढतात, लाइफ जॅकेट मात्र दोघा-चौघांनाच. २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, तो दिवस आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर आमच्या मंडळाने वर्गणीतून वीस जॅकेट घेतली. दोन वर्षांनी काढली तर पाच निकामी. गोदामात त्यांच्यावर सतरंज्या रचल्या होत्या, आतला फोम दबून पापड झाला होता. तीन जॅकेटांच्या पट्ट्या उंदरांनी कुरतडलेल्या.

तेव्हापासून जॅकेट खुंटीवर टांगलेली असतात. त्यांच्यावर काही ठेवायचं नाही, उशी म्हणून बसायचं नाही. मेच्या शेवटी आम्ही सगळी घेऊन घाटावर जातो, एकेक घालून पाण्यात उतरतो. ज्याचं तोंड पाण्यावर राहत नाही ते जॅकेट बाद, कापून टाकायचं. पोरं यायला उत्सुक असतात, पोहणं होतं आणि तपासणीही.

पंचगंगा_४३

कृष्णाकाठ, लई चांगलं काम. आमचे आजोबा पुरात गुऱ्हाळाची काहील घेऊन पलीकडं जायचे. आठ-दहा माणसं बसतील एवढी. काहिलीला भोक आहे का ते बघायला उन्हात धरायचे, आतनं उजेडाचा ठिपका दिसला की लोहाराकडं. तपासणीच ती पण.

आगोट

काहिलीचं वाचून आमचं घर आठवलं. आम्ही चिपळूणच्या खालच्या अंगाचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटे अंगणात आलं तेव्हा आई आणि मी दोघंच घरी होतो.

कोकणात आगोट म्हणजे पावसाआधीची सगळी बेगमी. लाकूडफाटा, सुकं मासं, कडधान्य, शाकारणी, इरली. माझी आजी मे महिन्याच्या शेवटी पडवीत बसून घरातली प्रत्येक वस्तू हाताखालून घालायची. कंदिलाची काच राखेने घासायची, वात कात्रीने सरळ कापायची, घोंगड्या उन्हात झटकून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची, नाहीतर कसर लागते. विजेरी पेटते का बघून सेल काढून कोनाड्यात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तो त्या महिन्याचा धर्मच होता.

आजी गेली, शाकारणी गेली, घरावर स्लॅब पडला, आणि आगोटही गेली. त्या दिवशी आम्ही विजेरी शोधत होतो. सापडली तेव्हा पाणी ओट्याला लागलं होतं. आम्ही वाचलो, शेजारच्या काकांनी हाताला धरून वर नेलं. कागदपत्रांची पेटी मात्र खालीच राहिली. सातबारा, आईचं पेन्शनचं पुस्तक, माझ्या दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्याचा लगदा.

गुंजवणीकाठ, तुम्ही विचारलंत कधी. माझं उत्तर आगोट. पुन्हा सुरू केलीय मी.

गुंजवणीकाठ

आगोट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजींना नमस्कार.

सह्यवेडा

माझा एक खरा प्रश्न आहे. स्टीलच्या कपाटात नव्वद मीटर दोर आहे, घेऊन बारा वर्षं झाली, फक्त दोनदा वापरलाय. दिसायला अगदी नवा. दिवाळीनंतर नागफणीला रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, नेणार आहोत. न वापरलेला दोर खराब कसा होईल?

दोरखंड

नेऊ नका. नायलॉन वापराविनाही म्हातारं होतं. बहुतेक उत्पादक दोर, स्लिंग, हार्नेस, प्लॅस्टिकच्या हेल्मेटला तयार झाल्यापासून फार तर दहा वर्षं देतात, आणि तेही नीट ठेवलं असेल तर. तुमच्या कपाटात त्या बारा वर्षांत दुसरं काय काय होतं? इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड, रंगाचा डबा? बॅटरीच्या ॲसिडची नुसती वाफ दोराला पुरते, आणि त्याचा डाग दिसतोच असं नाही.

सह्यवेडा

पण अहो, तेरा हजारांचा दोर आहे. आणि दिसतं तर काहीच नाही. जुने गिर्यारोहक तर वीस-वीस वर्षांचे दोर वापरायचे.

दोरखंड

वापरायचे, आणि त्यातले काही आज आपल्यात नाहीत. माफ करा, पण यात मी गोड बोलणार नाही. लिंगाण्यावर किंवा अलंग-मदन-कुलंगला आधीच्या गटांनी सोडलेले दोर लटकत असतात, लोक त्यांना धरून चढतात. उन्हाने त्यांचा रंग उडालेला असतो, बोटात धरलं तर पांढरी पूड लागते. तो दोर नाही, दोराचं चित्र आहे.

दोर तपासायची पद्धत सांगतो. दिवसाउजेडी, चटईवर बसून, टोकापासून टोकापर्यंत सगळा दोर दोन बोटांच्या चिमटीतून सोडायचा. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचा. कुठे चपटा लागतो, कुठे अचानक मऊ पडतो, कुठे गाठीसारखं फुगलंय. मग दर हातभर अंतरावर दोर वाकवून वेटोळं करायचं. वेटोळं सगळीकडे सारखं गोल आलं पाहिजे, जिथे टोकदार वाकतं तिथे आतला गाभा गेलाय. साठ मीटरला मला चाळीस मिनिटं लागतात. गाणी लावत नाही, कुणाशी बोलत नाही.

धुवायचा असेल तर कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण. डिटर्जंट पावडर, ब्लीच, वॉशिंग मशीनचा ड्रायर, काही नाही. पुराच्या कामानंतर आमचे दोर आम्ही सात-आठ पाण्यांतून काढतो, पाणी नितळ येईपर्यंत, कारण गाळाचे कण आत राहिले तर आतून करवतीसारखे कापतात. वाळवायचा सावलीत, सैल, दोन-तीन दिवस.

आणि बाद केलेला दोर तुकडे करून टाका. अख्खा माळ्यावर ठेवलात तर पाच वर्षांनी तुमचा पुतण्या तोच घेऊन डोंगरावर जाईल.

सह्यवेडा

रविवारी बायको आणि मी दोघांनी मिळून कापला. दोन-दोन मीटरचे तुकडे. वाईट वाटलं, पण शेजारच्या गोठेवाल्यांनी म्हशी बांधायला आनंदाने नेले. नवीन दोराच्या पिशवीवर तारीख लिहिलीय.

दोरखंड

तुम्हा दोघांनाही मनापासून धन्यवाद. नव्या दोराची एक वही करा. कुठे, कधी, किती वेळ, पाऊस होता का, धोंडा पडला का. कॅरॅबिनरचंही, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचंही, तसंच. खाचा पडल्या, दरवाजा आपोआप बंद होईना, तर बाद. समुद्रकाठच्या कामाहून आलात तर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आणि लगेच पुसून घ्या, तेल दोराला लागता कामा नये.

तोक्योकर

पंधरा वर्षं तोक्योत राहतोय. इथे १ सप्टेंबर हा आपत्ती निवारणाचा दिवस असतो, १९२३ च्या कांतोच्या महाभूकंपाची तारीख. शाळा, कार्यालयं, सोसायट्या, सगळीकडे सराव. आमच्या दारामागे प्रत्येकाची एक पाठपिशवी टांगलेली आहे. त्या दिवशी मुलगी ती जमिनीवर ओतते आणि आम्ही बघतो. गेल्या वर्षी तिच्या पिशवीतले बूट दोन नंबरांनी लहान निघाले. मुलं वाढतात हे पिशवीला माहीत नसतं!

खाण्याची इथली पद्धत मला फार आवडते. वेगळं ‘संकटाचं अन्न’ साठवून कुजवायचं नाही. रोज खातो तेच थोडं जास्त ठेवायचं, जुनं आधी खायचं, खाल्लं तेवढं लगेच भरायचं. माझी आई हे वाचून म्हणाली, यात नवीन काय, कणगीत आम्ही तेच करायचो.

पॉवर बँकबद्दल: पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका. निम्म्याच्या आसपास भरून, थंड जागी, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायची. फुगलेली असेल तर ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही.

औसेकर

तारखेचं निघालं म्हणून लिहितो. मी लातूरकडचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. मी सात वर्षांचा होतो. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आमचं घर माळवदाचं, हातभर जाड दगडमातीच्या भिंती. आम्ही किल्लारीपासून बरेच लांब, तरी एक भिंत आत आली.

माझे वडील तेव्हापासून उशाशी बॅटरी आणि पायाशी चपला ठेवून झोपत. चपला का, हे शहरातल्या लोकांना कळत नाही. काचा, खिळे, फुटलेली कौलं. पाय कापला की माणूस दुसऱ्याला बाहेर काढू शकत नाही. दर अनंत चतुर्दशीला, विसर्जनाहून आलं की ते नवे सेल आणायचे, बॅटरीत घालायचे आणि एकदा अंगणात आभाळाकडे पाडायचे. वडील २०१६ मध्ये गेले. मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. त्या रात्री माझी मुलगी गॅलरीतून आभाळाकडे बॅटरी पाडते.

रानपाखरू

औसेकर दादा, यावर काय लिहू कळत नाही. आज रात्रीपासून चपला पायाशी.

बावधनकर

वातावरण गंभीर झालंय, तरी एक विचारतो. तंबू काढला तर आतून मेणचट चिकट आणि आंबूस वास. कितीही धुतला तरी जात नाही. काही उपाय?

सुईदोरा

तो आतला पाणी अडवणारा लेप सुटतोय, ओला तंबू गुंडाळून ठेवल्याने होतं. एकदा चिकट झाला की परत येत नाही. बाहेरचं कापड चांगलं असेल तर मी त्याच्या सॅकखाली घालायच्या घड्या, बुटांच्या पिशव्या शिवते. पुढच्या तंबूला परत आल्यावर गच्चीत सावलीत पूर्ण वाळवा, मगच सैल कोंबून सुती पिशवीत. त्याच त्याच घडीवर घालू नका, घडीवर लेप चिरतो. स्लीपिंग बॅगही दाबून भरलेल्या छोट्या पिशवीत ठेवू नका, आतला कापूस कायमचा बसतो. जुन्या पलंगपोसाची मोठी खोळ शिवा आणि त्यात सैल ठेवा. माप सांगितलं तर मी शिवून देईन, पैसे नकोत.

बावधनकर

सुईदोराताई, व्यक्तिगत निरोप करतो. कांदेपोहे आमच्याकडे.

दोरखंड

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या गटात तपासणी वर्षातून दोनदा. एक मेच्या शेवटी, आगोट यांनी लिहिलं तशी, जरी आम्ही त्याला तो शब्द वापरत नव्हतो, आता वापरू. दुसरी खंडेनवमीला. शेतकरी कोयता-विळे पुजतो, कारागीर हत्यारं, ड्रायव्हर गाडी. आम्ही दोर, हेल्मेट, स्ट्रेचर, शिट्ट्या मांडतो. आदल्या दिवशी सगळं तपासून, धुऊन, दुरुस्त करून झालेलं असतं. बाद झालेलं पाटावर ठेवत नाही. ज्याला हळदकुंकू लागलं ते वर्षभर भरवशाचं, हे आमच्या नव्या पोरांनाही लगेच कळतं.

औषधवाली

फार आवडलं. या वर्षी दुकानातली प्रथमोपचाराची पेटीही पाटावर.

रानपाखरू

शिट्टीचं कुणी सांगा ना. माझ्याकडे आत गोळी असलेली आहे, शाळेत पीटीच्या सरांकडे असते तशी.

दोरखंड

ती गोळी चिखलाने, लाळेने अडकते. बिनगोळीची घ्या आणि सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधा, तळाशी नको. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा. नेटवर्क अगदी क्षीण असेल तर कॉल लागत नाही पण एसएमएस जातो. ठिकाण, किती माणसं, काय झालंय, एवढंच लिहा. लागला तर ११२.

गुंजवणीकाठ

आज सगळं हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडलं. पाय टेकवत मैत्रीणही आली होती, खुर्चीवर बसून तिने यादी केली. बाद: दोन क्रेप बँडेज, सगळ्या चिकटपट्ट्या, अकरा बिनतारखेच्या गोळ्या, एक पॉवर बँक, आणि माझे लाडके बूट. अंगठा दाबला तर कडेला खड्डा पडला तो परत भरलाच नाही. कातळकाका, तुम्ही लिहिलं नसतं तर तेच घालून पुढच्या महिन्यात निघाले असते.

टॉर्च लिंबाने पुसला. सुईदोराताई, पेटला! स्प्रिंगवर अजून हिरवी कड आहे, पण पेटतोय. सेल काढून कागदात बांधून ठेवलेत. कागदपत्रांची प्लॅस्टिकची जाड पिशवी करून एक झेरॉक्स संच सोलापूरला काकांकडे पाठवतेय.

एकच अडलंय. गळलेले सेल आणि ती पॉवर बँक कुठे टाकायची? घंटागाडीत द्यायला मन होत नाही.

तोक्योकर

घंटागाडीत नकोच, पॉवर बँक कचऱ्यात दबली तर पेट घेते. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि ई-कचरा घेतात तिथे द्या.

बावधनकर

आमच्या सोसायटीत दर महिन्याला ई-कचऱ्याची गाडी येते, येत्या रविवारी आहे. माझ्याकडे आणून द्या, पोह्यांना सुईदोराताईही येणार आहेत. मैत्रिणीला पण आणा, लिफ्ट आहे.